ताट भरण्याआधी विचारायचं

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या रविवारच्या जेवणाबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत : कार्व्हरी. म्हणजे असा पब, जिथे काउंटरवर भाजलेल्या मांसाचे अख्खे गड्डे ठेवलेले असतात, सुरी घेऊन उभा असलेला माणूस तुमच्यासमोर त्याचे काप काढून देतो, आणि भाज्या आपल्या आपण वाढून घ्यायच्या. मी १९९७ साली लग्न होऊन डर्बीला आले. २००३ पासून अकरा वर्षं अशाच एका पबमध्ये कामाला होते, आधी आत भाज्या निवडायला आणि नंतर बाहेर काउंटरवर. तेव्हा या महिन्याची सगळी जागा कार्व्हरीला.

प्रश्न : मुलगी-जावई बर्मिंगहॅमला असतात. मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत. जावई म्हणतात, रविवारी सगळे पबमध्ये जेवायला जाऊ, चार वर्षांच्या नातीलाही नेऊ. आम्ही माळकरी. दारू मिळते तिथे लेकरू घेऊन बसायचं हे मनाला पटत नाही. नाही म्हटलं तर जावयांना वाईट वाटेल. काय करावं?
— एक आजी, चिंचवड

उत्तर : आजी, आपल्याकडे बार म्हटलं की जो अंधार आणि जो वास डोळ्यांसमोर येतो, तो आधी बाजूला ठेवा. रविवारी दुपारी साडेबाराला कार्व्हरीत शिरलात तर दारातच दोन-तीन बाबागाड्या दिसतील. एखाद्या टेबलावर नव्वदीच्या आजी, शेजारी पणतू उंच खुर्चीत बसून रंगीत खडूंनी कागद रंगवतोय, असं दृश्य असतं. अनेक पबांच्या मागे बाग असते आणि बागेत घसरगुंडी. सिगारेटचा धूर आत नसतो. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंद जागेत धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे.

पण तुमच्यापासून लपवणार नाही. शेजारच्या टेबलावर बिअरचा ग्लास असेल आणि तो पिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटणार नाही. इथे मुलांना मोठ्यांबरोबर पबमध्ये नेणं कायद्याला मान्य आहे. दारू विकत घ्यायचं वय मात्र अठरा. रात्री नऊनंतर मुलांना थांबू न देण्याचा नियम बरेच पब स्वतःच करतात, म्हणून दुपारचीच वेळ बरी. जावयांना सांगा, बुकिंग करताना बारपासून लांबचं, जेवणाच्या भागातलं टेबल मागा. प्यायला साधं पाणी मागा. दारू विकायचा परवाना असलेल्या जागेत मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. नाहीतर लाइम कॉर्डियल (लिंबाचं गोड सरबत) आणि सोडा सांगा, आपल्या लिंबू सोड्याची आठवण येईल.

एवढं ऐकूनही मन तयार नसेल तर जावयांना मोकळेपणाने सांगा. त्यांनी प्रेमाने बोलावलंय, तुमचं कारणही ते प्रेमानेच ऐकतील. इथे गार्डन सेंटर नावाचा प्रकार असतो, आपल्या रोपवाटिकेचंच मोठं रूप. त्यातल्या उपाहारगृहांत पुष्कळ ठिकाणी रविवारी हेच जेवण मिळतं. नातीला फुलं बघायला मिळतील आणि तुम्हालाही अवघडल्यासारखं होणार नाही. माळेच्या पथ्याचं काय, ते खालच्या मोठ्या उत्तरात आहे. ते जरूर वाचा.

प्रश्न : पहिल्यांदा गेलो तेव्हा सरळ ताट घेऊन काउंटरवर उभा राहिलो आणि मला परत पाठवलं. सगळे बघत होते. नक्की पद्धत काय असते?
— एक इंजिनिअर, रेडिंग

उत्तर : पद्धत जागेप्रमाणे थोडी बदलते. आधी टेबल मिळतं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा. मग बारवर किंवा गल्ल्यावर जाऊन किती ताटं हवीत ते सांगून पैसे भरायचे आणि चिठ्ठी घ्यायची. काही ठिकाणी वेटर टेबलावरच ऑर्डर घेतो. चिठ्ठी घेऊन काउंटरच्या रांगेत. तुम्हाला परत पाठवलं ते चिठ्ठी नव्हती म्हणून. त्यात कमीपणा काही नाही, आमच्याकडे रोज दहा माणसं असं करायची आणि त्यातली निम्मी जन्माने इंग्रज.

काउंटरवर ताट गरम असतं, हातात रुमाल घ्या. समोर साधारण तीन-चार मांसं असतात : बीफ, टर्की, गॅमन (खारवलेलं डुकराचं मांस) आणि कधी पोर्क किंवा कोकरू. हवं ते सांगायचं, दोन प्रकार मिसळून मागितले तरी चालतं. काप काढणाऱ्याच्या हाताकडे जरा बघा. मी हे काम शिकले तेव्हा आमच्या मुख्य आचाऱ्याने पहिला आठवडाभर मला सुरी धरू दिली नाही, फक्त बघायला लावलं. भट्टीतून काढलेलं मांस लगेच कापत नाहीत. अर्धा तास झाकून मुरू देतात, नाहीतर सगळा रस फळीवर वाहून जातो. दोन दातांच्या काट्याने ते दाबून धरायचं, लांब पातळ सुरी पोलादी कांबीवर तीन-चार वेळा घासायची आणि मांसाच्या रेषा ज्या दिशेने जातात त्यांना आडवा काप घ्यायचा. रेषांच्या दिशेने कापलं तर घास दोरीसारखा चिवट लागतो. सुरीवर जोर द्यायचा नाही, तिच्या लांबीने कापायचं. चांगला काप ताटात पडताना दुमडतो, तुटत नाही.

पुढे भाज्या. आधी बटाटे, मग गाजर, वाटाणे, कोबी, पार्सनिप (गाजरासारखंच पांढरट मूळ). यॉर्कशर पुडिंग, म्हणजे अंडं, मैदा आणि दुधाच्या पिठाचा भाजून फुगवलेला बिनगोड प्रकार, कडेला ठेवा आणि ग्रेव्ही सगळ्यात शेवटी घाला, नाहीतर पुडिंगचा कुरकुरीतपणा जातो. वेळ जमत असेल तर काउंटर उघडतो तेव्हाच, बाराच्या सुमाराला जा. गरम ठेवलेलं अन्न ६३ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. आम्ही थर्मामीटर खुपसून वहीत आकडा लिहायचो. त्यामुळे तीन वाजताही अन्न सुरक्षितच असतं. पण तीन तास अन्न गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली राहिलेल्या कोबीची चव गेलेली असते.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. कार्व्हरीत भाज्या भरपूर असतात असं ऐकलं. मांस सोडून बाकी सगळं घेतलं तर चालेल ना?
— एक वाचक, मिल्टन कीन्स (याच अर्थाची अजून सात पत्रं आली आहेत.)

उत्तर : नाही, चालणार नाही. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

१९९९ च्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई वाईहून आल्या होत्या. ह्यांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने आम्हा सगळ्यांना रविवारी शहराबाहेरच्या एका कार्व्हरीत नेलं. फार सज्जन माणूस. सासूबाईंनी मांसाच्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. गाजर, वाटाणे, चार सोनेरी बटाटे आणि एक यॉर्कशर पुडिंग घेतलं. ते त्यांना आपल्या फुगलेल्या पुरीसारखं दिसलं. मी त्यांच्या मागे ताट घेऊन उभी होते. एकदा माझ्या मनात आलं, विचारावं का. पण रांग मोठी होती, माझं इंग्रजी बेताचं होतं आणि ज्याने बोलावलं त्याच्यापुढे चौकश्या करायला लाज वाटली. टेबलावर बसलो. त्यांनी दीड बटाटा खाल्ला, म्हणाल्या, "किती खुसखुशीत गं." मी ते इंग्रजीत सांगितलं. तो कौतुकाने म्हणाला, "बीफ ड्रिपिंगमध्ये करतात ना, म्हणून." ड्रिपिंग म्हणजे मांस भाजताना गळणारी चरबी.

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतायत ते. मी सांगितलं. खोटं बोलणं जमलं नसतं. त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला, पदराने ओठ पुसले आणि पाणी प्यायल्या. त्या माणसाकडे बघून हसल्या, कारण त्याची काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी सोमवार. त्यांचा उपास असायचाच, त्या सोमवारी संध्याकाळीही सोडला नाही. मला एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे जेव्हा काउंटरवर उभी राहिले, तेव्हा ट्रेवर हात घुटमळताना दिसला की मी आपणहून सांगायचे, हे तेलातलं, हे चरबीतलं, यात अंडं आहे. काउंटरवर होते तोवर एकदाही चुकले नाही.

तर आता नीट ऐका. बटाटे काही पबांत तेलात भाजतात, काही पबांत गाईच्या किंवा बदकाच्या चरबीत. दिसायला सारखेच. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच, वर ते कधी चरबीत भाजलेलं असतं. ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. बऱ्याच ठिकाणी भाज्यांची वेगळी ठेवतात, पण भांडी शेजारी शेजारी आणि डाव कुणी कुठला कुठे घालेल याचा भरवसा नाही. तेव्हा भाज्यांची ग्रेव्ही आतून वेगळ्या वाटीत मागा, देतात. फ्लॉवर चीज म्हणजे चीजच्या सॉसमधला फ्लॉवर. त्यातलं चीज कधी वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरून केलेलं असतं, तेही विचारा.

सगळ्यात मोठा घोटाळा शब्दांचा. इथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की त्यात अंडं धरलेलं असतं. आपल्याकडे पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात अंडं बसत नाही, इथल्या व्हेजिटेरियनमध्ये बसतं. मांसाऐवजी नट रोस्ट, म्हणजे सुक्यामेव्याचा भाजलेला वडीसारखा प्रकार देतात, तोही पुष्कळदा अंड्याने बांधलेला असतो. म्हणून अंडं न खाणाऱ्यांनी 'व्हीगन' असं लिहिलेला पदार्थ मागावा. त्यात दूध-तूपही नसतं. लोणी वेगळं मागून घ्या. व्हीगन पदार्थ मिळाला नाही तर सालासकट भाजलेला जॅकेट पोटॅटो, वर लोणी आणि बेक्ड बीन्स. पोट भरतं.

आणि ही गोष्ट मी काउंटरच्या मागे राहून शिकले : प्रत्येक पबमध्ये ॲलर्जीची माहिती असते. चौदा पदार्थांची यादी कायद्याने ठरलेली आहे. त्यात अंडं आहे, दूध आहे, शेंगदाणे, तीळ, मोहरी आहे. पण बीफची चरबी त्या यादीत नाही. कांदा-लसूणही नाही. त्यामुळे ॲलर्जीचा तक्ता बघून "यात काही नाही" म्हणून निर्धास्त होऊ नका. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांनी स्टफिंग (मांसाबरोबर देतात तो पावाच्या चुऱ्याचा मसालेदार प्रकार) आणि ग्रेव्ही दोन्हीला हात लावू नये, दोन्हींत कांदा असतोच असं धरून चाला. तोंडी विचारा. इंग्रजी अवघड वाटत असेल तर हे वाक्य पाठ करा : "इज धिस कुक्ड इन मीट फॅट?" काउंटरवरचा मुलगा गोंधळला तर त्याला आचाऱ्याला विचारून यायला सांगा. रांग थांबली तर थांबू द्या. आणि स्वच्छ चिमटा मागा, कुणीही नाही म्हणत नाही.

चिंचवडच्या आजी, तुमच्यासाठी साधी उकडलेली गाजरं, वाटाणे, जॅकेट पोटॅटो. एवढं विचारून घेतलंत तर माळेला धक्का लागणार नाही.

प्रश्न : मावशी, मी मांसाहारी आहे, पण बीफ आणि पोर्क खात नाही. म्हणून दर वेळी टर्कीच घेतो आणि ती कोरडी लागते. कशालाच तिखटपणा नाही. कोल्हापूरच्या माणसाने काय करावं?
— एक विद्यार्थी, कॉव्हेंट्री

उत्तर : बाळा, आधी नावं ओळखायला शीक. गॅमन म्हणजे डुकराची मागची मांडी, मीठ लावून मुरवलेली. नावात पोर्क नाही म्हणून फसू नकोस. नाताळात मिळणारे पिग्ज इन ब्लँकेट्स म्हणजे बेकनमध्ये, तेही डुकराचंच, गुंडाळलेले सॉसेज. स्टफिंगमध्ये काही ठिकाणी सॉसेजचं मांस घालतात. आणि तू टर्कीवर जी ग्रेव्ही ओततोस ती बहुधा बीफची असते, ती विचारून घे. हलाल पाळणाऱ्या वाचकांनीही साध्या कार्व्हरीत हलाल गृहीत धरू नये.

टर्की कोरडी लागते कारण छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. मांडीचं गडद मांस आहे का ते विचार, असेल तर तेच माग. नवीन गड्डा येताना दिसला तर दोन माणसांना पुढे जाऊ दे आणि त्याचे पहिले काप घे.

तिखटाचं म्हणशील तर ते इथे मिरचीत शोधू नकोस. पिवळ्या मोहरीची छोटी बरणी असते ना, मूळची नॉर्विचकडची कोलमन्स, १८१४ पासूनची, तिला हलकं समजू नकोस. कैरीच्या लोणच्याची फेसलेली मोहरी नाकात जाते तशीच ही जाते. दुसरा हॉर्सरॅडिश सॉस. ते एक मूळ असतं, किसून मलईत कालवतात, आणि त्याचा झटका मोहरीच्याच जातीचा असतो. शेवग्याच्या मुळालाही तोच उग्रपणा असतो, म्हणून इंग्रजांनी शेवग्याचं नाव हॉर्सरॅडिश ट्री ठेवलं. रीत अशी की हॉर्सरॅडिश बीफबरोबर, पुदिन्याचा सॉस कोकराबरोबर, सफरचंदाचा पोर्कबरोबर आणि क्रॅनबेरीचा टर्कीबरोबर. पण तू बटाट्यावर पुदिना आणि टर्कीवर मोहरी घेतलीस तर कुणी अडवणार नाही. मी तेच खाते.

प्रश्न : सासऱ्यांना तिथलं जेवण सपक लागतं. घरची चटणी डबीत नेली तर वाईट दिसेल का? आणि उरलेलं घरी आणता येतं का?
— एक गृहिणी, हाउन्स्लो

उत्तर : वेटरला आधी सांगून स्वतःच्या ताटात चमचाभर घेतली तर माझ्या मते काही वाईट दिसत नाही. पण शेंगदाण्याची चटणी नेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. भाज्यांचे चिमटे सगळ्यांचे एकच असतात. चटणीचे हात त्या चिमट्याला लागले आणि मागून येणाऱ्या एखाद्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर जिवावर बेतू शकतं. लसूण-खोबऱ्याची न्या, शेंगदाणा आणि तीळ न घातलेली.

उरलेलं बांधून देण्याचं प्रत्येक पबचं वेगळं असतं, विचारा. भाज्या पुन्हा घ्यायला बहुतेक ठिकाणी मुभा असते, म्हणून पहिल्यांदा थोडंच वाढून घ्या. रात्री ताटं खरवडायचं काम माझ्याकडे होतं. न शिवलेले बटाटे, अख्खं पुडिंग, सगळं बादलीत जायचं. आपल्या घरी पानात टाकलं तर आजी उठू द्यायची नाही, आणि इथे मी स्वतःच्या हाताने ते टाकत होते. ते मला शेवटपर्यंत अंगवळणी पडलं नाही.

प्रश्न : मुलाला यॉर्कशर पुडिंग फार आवडलं होतं. घरी ओव्हनमध्ये जमेल का?
— एक आई, नाशिक

उत्तर : जमतं. अंडी, मैदा, दूध तिन्ही एकाच वाटीने समान मोजा. म्हणजे अंडी फोडून वाटी भरली की तीच वाटी मैद्याची आणि तीच दुधाची. चिमूटभर मीठ. गुठळी राहू देऊ नका, घावनाच्या पिठाइतकं सैल हवं. अर्धा तास ठेवा. ओव्हन २२० अंशांवर तापवा, कपकेकच्या साच्यात प्रत्येकी अर्धा चमचा तेल घालून साचा दहा मिनिटं आत ठेवा. तेल इतकं तापलं पाहिजे की पीठ पडताच चर्र व्हावं. पटकन ओता, अर्ध्यापेक्षा कमी भरा आणि वीस-पंचवीस मिनिटं दार उघडू नका. दार उघडलं की बसलंच म्हणून समजा.

पूर्वी हे पीठ भाजणाऱ्या मांसाखाली ठेवायचे, म्हणजे गळणारी चरबी वाया जात नसे. हॅना ग्लास यांनी १७४७ साली छापलेल्या पाककृतींत यॉर्कशर पुडिंग या नावानेच ते आहे. मांसाआधी ग्रेव्हीबरोबर हे वाढायचे, म्हणजे पोट थोडं भरे आणि महागडं मांस कमी लागे. मुलाला आवडत असेल तर उरलेल्या पुडिंगवर मध घालून द्या.

प्रश्न : बुकिंग करावंच लागतं का? आणि टिप किती?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : रविवारी करावंच. इथला मदर्स डे ईस्टरच्या आधी तीन आठवडे, रविवारी येतो. त्या दिवशी बुकिंगशिवाय उभंही राहता येत नाही. टिप सक्तीची नाही. मन झालं तर द्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेचे सगळे पैसे कामगारांनाच द्यायचे असा कायदा झालाय. मी कामाला होते तेव्हा तो नव्हता.

फोन कराल तेव्हाच सांगून टाका : सहा माणसं, एक उंच खुर्ची, दोघांना मांस-अंडं चालत नाही आणि बटाटे कशात भाजता ते कळवा. फोन माझ्याकडे आला की मी हे वहीत लाल पेनाने लिहायचे आणि रविवारी सकाळी भट्टी पेटायच्या आधी ते पान आचाऱ्यासमोर धरायचे. मग त्या दोघांचे बटाटे वेगळ्या ट्रेमध्ये, तेलात भाजले जायचे.